अक्कलदाढेची वेदना आणि तिची मुदत

अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ एका सहकाऱ्याकडून उपटवून घेतली, आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेवर मनुष्याला ताबा मिळवता येतो याची खात्री त्याला पटली. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन सिद्ध केले, आणि जबड्याच्या मज्जातंतूजवळ त्याची एक सुई टोचली की दाढ निघेपर्यंत रुग्णास दाबाखेरीज फारसे काही जाणवू नये, इतका त्या घटकेपुरता वेदनेचा बंदोबस्त झाला. परंतु भुलेचा अंमल उतरल्यावर जी वेदना सुरू होते, तिच्याविषयी बहुतेकांच्या मनात आजही भयच असते. वस्तुतः या वेदनेस क्रम आहे आणि मुदतही आहे. तो क्रम पाळणारी वेदना ही शरीराने दुरुस्तीचे काम हाती घेतल्याची खूण होय, आणि तो मोडणारी वेदना हा इशारा होय.

अक्कलदाढ सर्वांच्या मागून, साधारणतः सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान येते, आणि तोवर जबड्यातील जागा इतर दातांनी व्यापलेली असल्यामुळे ती पुष्कळदा आडवी होते किंवा हाडातच अडकून राहते. अशी दाढ काढण्यासाठी हिरडी उघडावी लागते, भोवतीचे हाड थोडेसे कोरावे लागते आणि प्रसंगी दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढावे लागतात. मागे उरते ती हिरडी आणि हाड या दोहोंची जखम, आणि तीही चर्वणाच्या स्नायूंना अगदी लागून.

जखमी पेशींच्या आवरणातून सुटणाऱ्या स्निग्धाम्लापासून तेथल्या तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात; त्यांच्यामुळे मज्जातंतूंची टोके हळवी होतात, आणि रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतील द्रव आसपास झिरपल्याने गालावर सूज चढते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आयब्युप्रोफेन याच जातीचे आहे. आधीच तयार झालेले द्रव्य ते नाहीसे करीत नाही. सबब पहिली गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता, ओठाची बधिरता पुरती उतरण्यापूर्वीच घेणे श्रेयस्कर. तिला पॅरासिटामॉलची जोड दिल्यास दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा अधिक आराम पडतो, असे चाचण्यांत आढळले आहे. मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आयब्युप्रोफेन घेऊ नये. वेदनेचा जोर पहिल्या दिवशी सर्वाधिक असतो, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचते आणि काही दिवस तोंडही पुरते उघडत नाही. हे सारे क्रमातच बसते.

ही वेदना इतकी ठरल्या वेळी येते, आणि ती सोसणारे बहुधा तरुण व निरोगी असतात, म्हणूनच नव्या वेदनाशामकांची परीक्षा फार पूर्वीपासून अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर होत आली आहे. कॅलिफोर्नियात लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अशाच एका प्रयोगात, औषध म्हणून औषधी गुण नसलेले द्रव्य दिल्यावरही ज्यांचे दुखणे हलके झाले, त्यांना अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन देताच त्यांची वेदना पुन्हा वाढली. आराम पडेल या नुसत्या अपेक्षेने शरीर आपली स्वतःची वेदनाशामके मोकळी करीत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दुरुस्तीचा सारा भार मात्र एका क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूवर असतो, आणि ती म्हणजे रिकाम्या खोबणीत साकळलेली रक्ताची गुठळी. गॉजची घडी दाताखाली घट्ट दाबून धरावयास सांगतात ती हिच्याचसाठी. घर बांधताना गवंडी आधी परांची उभारतो, तशी ही गुठळी आपल्या तंतुमय जाळ्यात नव्या पेशींना आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आधार देते; आठवडाभरात तिची जागा कोवळे मांसल ऊतक घेऊ लागते, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी बरीचशी मिळून येते, आणि आत हाड भरून येण्यास कित्येक महिने लागतात. म्हणूनच पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरणे, जोराने थुंकणे किंवा नळीने ओढून पिणे वर्ज्य. पेज, ताक, मऊ भात असे गार किंवा कोमट अन्न घ्यावे, आणि दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच तोंड धुवावे.

ही गुठळी अकाली विरघळली किंवा निसटली, तर ओसरू लागलेली वेदना तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटते, कानापर्यंत ठणकते, तोंडास दुर्गंधी येते, आणि खोबणीत डोकावल्यास काळपट लाल गुठळीऐवजी उघडे, करडे हाड दिसते. दंतवैद्य जिला ड्राय सॉकेट म्हणतात ती व्याधी हीच. क्रॉफर्ड यांनी तिचे वर्णन १८९६ सालीच केले होते. दंतवैद्य खोबण धुऊन तीत लवंगेच्या तेलातील युजेनॉलयुक्त औषधाची पट्टी बसवितात, आणि रात्रभर तळमळलेल्या रुग्णास बहुधा लवकरच उतार पडतो. धूम्रपानाने हा धोका वाढतो. आपल्याकडे दात दुखला की हिरडीस मिश्री लावण्याची जी जुनी सवय आहे, तिला तर या ताज्या जखमेच्या आसपासही थारा देता कामा नये.

तिसऱ्या दिवसानंतरही वाढत जाणारी सूज, ताप, पू, गिळताना किंवा श्वास घेताना होणारा त्रास, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, आणि दुसऱ्या दिवशीही ओठ वा जीभ बधिर राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. एरवी धीर धरावा. पण तो धीर धरावयाचा कशाच्या आधारावर, हे रुग्णास कोणीतरी सांगितले पाहिजे. चिठ्ठीवर गोळ्यांची नावे लिहिताना दंतवैद्याने आणखी दोन मिनिटे खर्चून कोणत्या दिवशी काय होईल आणि कशाची दखल घ्यावी, हे समजावून दिले, तर रुग्णाचे निष्कारण भय जाईल आणि खऱ्या धोक्याकडे त्याचे दुर्लक्षही होणार नाही. आश्वासनाचा परिणाम शरीरावरही घडत असेल, तर अशा माहितीची गणना सौजन्यात न करता उपचारातच केली पाहिजे.