पाण्याखालचा कान : जिनिव्हाच्या सरोवरापासून अंबा-कुंडलिकेपर्यंत

पाण्यातील ध्वनी टिपण्याच्या सुमारे दोनशे वर्षांच्या वाटचालीत साधनाची सूक्ष्मता जेवढी वाढली, त्याहून अधिक त्याची मालकी पालटली. प्रयोगशाळेतून ते आरमाराकडे, तेथून संशोधनसंस्थांकडे आणि अखेर घरगुती कारागिराकडे आले. १८२६ मध्ये डॅनियल कोलाडाँ याने जिनिव्हाच्या सरोवरात बुडवलेल्या घंटेचा नाद दूरच्या होडीतून, पाण्यात सोडलेल्या नळीला कान लावून ऐकला आणि पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक, असल्याचे दाखवून दिले.

दाब पडताच काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होतो, हा दाबविद्युत परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ याने या परिणामाच्या आधारे क्वार्ट्‌झ वापरले आणि १९४० नंतर क्वार्ट्‌झची जागा कृत्रिम सिरॅमिकने घेत नेली. दुसऱ्या महायुद्धात आरमारी यंत्रांना त्रस्त करणारी कडकड नांगी वाजवणाऱ्या छोट्या कोळंबीची असल्याचे उमगले, मात्र तो आवाज नांगीच्या आपटण्याचा नसून तिच्या झटक्याने उत्पन्न झालेला बुडबुडा मिटण्याचा आहे, हे सिद्ध व्हायला २००० साल उजाडले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी माशांच्या सामूहिक आवाजांचा अभ्यास केला; गोव्याच्या किनाऱ्यालगत २०१७ मध्ये टिपलेल्या ध्वनिमुद्रणात कुबड्या देवमाशाचे गाणेही आढळले.

युद्धाने पुढे आणलेल्या त्या सिरॅमिकची चकती आता बझरमध्ये असते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात काही रुपयांत मिळते. तिला शिल्डेड वायर झाळून, सांधा इपॉक्सीने जलरोधक केला की कामचलाऊ जलध्वनिग्राहक, अर्थात हायड्रोफोन, तयार होतो. चकती थेट रेकॉर्डरला जोडल्यास खर्जातील आवाज क्षीण होतात, कारण तिचा विद्युत अवरोध रेकॉर्डरच्या अवरोधाहून फार मोठा असतो. म्हणून मध्ये एका ट्रान्झिस्टरचा छोटा प्रवर्धक घालतात. असे साधन प्रमाणित नसल्याने आवाज किती मोठा हे ते खात्रीने सांगू शकत नाही. मात्र तीच चकती त्याच खोलीवर पुन्हा पुन्हा सोडली, तर कालच्या आणि आजच्या आवाजाची तुलना करता येते.

या मर्यादित साधनाला रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके विशेष अनुकूल आहेत. नागोठण्याहून पेणच्या खारेपाटाकडे येणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीत भरती-ओहोटीच्या अधीन होते. तेथे बार्जच्या इंजिनांची घरघर असते, तर घोळ, ढोमा यांच्या कुळातील मासे वाताशयालगतचे स्नायू थरथरवून आवाज करतात. १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात सुमारे १५ मीटर असल्याने काही मीटर खोलीच्या खाडीत असा खर्ज दूर पोहोचत नाही, म्हणून ऐकू येते ते बहुधा जवळचेच. वाहते पाणी चकतीवर व वायरवर घासून स्वतःचाच खळखळाट नोंदवते. त्यामुळे भरती पूर्ण होऊन पाणी थबकते ती वेळ ऐकण्यास उत्तम ठरते. रोह्याच्या कुंडलिका नदीचे तसे नाही. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवणारे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले आणि कोलाडपाशी नदीचा प्रवाह आजही त्याच्या विसर्गानुसार चढतो-उतरतो.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तर विसर्गाची वेळ विजेच्या गरजेने ठरते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी रोज ठरावीक वेळी पंधरवडाभर मुद्रण केल्यास अंबेच्या नोंदीत तिथीप्रमाणे सरकणारा आणि कुंडलिकेच्या नोंदीत जनित्रांच्या पाळीप्रमाणे उमटणारा चढउतार वेगळा काढता येतो. आवाजाची अचूक मोजदाद त्यासाठी लागत नाही. लागते ती तारीख, वेळ आणि खोली लिहून ठेवण्याची शिस्त, आणि ती बझरच्या चकतीलाही पुरते.