शिवी झालेले आजार

कोरियन मालिका पाहणाऱ्या आपल्या काही मुलामुलींच्या कानावरून ‘जिराल’ हा शब्द गेलेला असतो. भांडणात येतो, एवढेच त्यांना कळते. त्याचा मूळ अर्थ फेफऱ्याचा झटका. ‘योमब्योंग’ म्हणजे टायफॉईडची साथ. ‘ब्योंगशिन’ म्हणजे रोगी, अपंग शरीर. वॉर्डात आयुष्य काढलेल्या आम्हाला ही शिव्यांची यादी केसपेपरसारखीच वाटते.

दक्षिण कोरियातील किशोरवयीन मुले हे शब्द रागातच नव्हे, दोस्तीतही वापरतात. तिथे वर्षभर तोच वर्ग, तेच सोबती. शाळा सुटली की ‘हागवॉन’, म्हणजे खासगी शिकवणी. सोल शहरात ती रात्री १० वाजता बंद करा, असा नियमच करावा लागला. आईबापांच्या वाट्याला मूल येते ते झोपेपुरते. त्यात कोरियन भाषेत मोठ्यांशी बोलायची क्रियापदे वेगळी. एक वर्ष पुढच्या विद्यार्थ्यालाही मान द्यायचा. मग बरोबरीच्यांतली मोकळीक शिवीने दाखवली जाते. शिवी न देणारा वेगळा दिसतो, आणि ‘वांगता’ म्हणजे वाळीत पडलेला होण्याची धास्ती मुलांना फार. स्वभाव वाईट म्हणून नव्हे, या धास्तीने शिवी तोंडात बसते.

पण त्याच वर्गात फेफऱ्याचे औषध चालू असलेली एखादी मुलगी असू शकते. सगळे हसले की तीही हसणार आणि गोळी लपवून घेणार, किंवा टाळणार. गोळी चुकली की झटका येतो, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. कलंक पुसावा म्हणून कोरियातील डॉक्टरांनी या आजाराचे जुने नावच बदलले. बाकावरची शिवी मात्र तशीच राहिली.

मोबाईलने भर घातली. काकाओटॉकच्या गटात सगळे मिळून एकालाच शिव्या घालतात. तो बाहेर पडला की पुन्हा आत ओढतात. शालेय हिंसाचाराविरुद्ध २००४ पासून कायदा आहे, तरी सरकारी पाहणीत शाब्दिक छळच सर्वांत पुढे असतो.

थोबाडीत मारून हे थांबत नाही. मूल फक्त घरात जपून बोलू लागते. टोळक्यात ज्याच्याकडे बघून बाकीचे हसतात, त्याला आधी गाठावे आणि शब्दाचा अर्थ सांगावा, असे आमचे मत. आपल्या गल्लीत कुणी ‘जिराल’ म्हणताना दिसले, तर तिथेही हेच करा.