थैलीवरचा वर्तुळातील ‘आर’

इंदूरहून बैतूलकडे जाताना नर्मदाकाठच्या नेमावरच्या अलीकडे खातेगांव लागते. गहू, हरभरा आणि सोयाबीन यांचा हा मुलूख. शेती हाच येथील मुख्य आधार असला, तरी देवास-धारच्या बाजूला काय किंवा आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांत काय, शेतीला जोड म्हणून घरच्या घरी तिखट-हळद दळून, पापड-लोणची घालून किंवा घाण्याचे तेल काढून ते थैलीत भरून विकणारी कुटुंबे आता पुष्कळ झाली आहेत. माल चांगला निघाला की त्याला नाव द्यावेसे वाटते, नावाबरोबर चित्र येते आणि छापखान्याकडे जाण्याची वेळ येते. तेथे एक प्रश्न हटकून निघतो: “चित्राच्या कोपऱ्यात ‘टीएम’ टाकू की वर्तुळातला ‘आर’?” पुष्कळ गृहस्थ उत्तर देतात, “जे अधिक शोभेल ते टाका.”

येथेच चूक होते. ही दोन चिन्हे शोभेची नव्हेत.

‘टीएम’ ही ट्रेडमार्क या शब्दाची आद्याक्षरे होत. “हे नाव किंवा हे चित्र मी माझ्या मालाची खूण म्हणून वापरीत आहे,” एवढाच त्यांचा अर्थ. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, अर्ज केलेला असावा असेही बंधन नाही. सेवा पुरविणारे कोणी ‘एसएम’ लिहितात, त्याचीही गोष्ट हीच. वर्तुळातील ‘आर’ मात्र ‘रजिस्टर्ड’चा. अमेरिकेच्या १९४६ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली आणि पुढे तो जगभर रूढ झाला. तो छापणे म्हणजे सरकारच्या नोंदवहीत हे चिन्ह माझ्या नावे आहे असे जाहीर सांगणे होय. नोंद नसता तो छापला, तर ते असत्य विधान ठरते.

आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे १०७ वे कलम याच असत्याविषयी आहे. पूर्वी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद काढून टाकली आणि १ ऑगस्ट २०२४ पासून तिच्या जागी आर्थिक दंड आला: वार्षिक विक्रीच्या अर्धा टक्का किंवा पाच लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. लहान धंद्याला अर्धा टक्का फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु उद्या दुसऱ्याने आपली नक्कल केली आणि आपण न्याय मागावयास गेलो, तर प्रतिपक्षाचा वकील प्रथम आपलीच थैली न्यायाधीशांपुढे ठेवील, ही गोष्ट दंडाहून वाईट.

नोंदणीचा उपयोग काय, हे मुंबईच्या पार्ले कंपनीच्या खटल्यावरून चांगले ध्यानात येते. तिच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडीचे चित्र असे: मध्ये मुलगी, भोवती गाई नि कोंबड्या. हे वेष्टन नोंदविलेले होते. १९६१ मध्ये म्हैसूरच्या एका पेढीची बिस्किटे तशाच वेष्टनात विकली जात असल्याचे पार्लेला आढळले. त्या चित्रातील मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हाती विळा होता, गाई-कोंबड्या मात्र तेथेही होत्या. हा भेद दाखवून पेढीने खालच्या दोन्ही न्यायालयांत यश मिळविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७२ मध्ये निकाल फिरविला. दोन पुडे शेजारी ठेवून भेद मोजीत बसू नये. आकार तोच, रंगसंगती जवळजवळ तीच, तेव्हा साधारण स्मरणशक्तीचा गिऱ्हाईक एकाऐवजी दुसरा पुडा सहज घेईल, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तत्पूर्वी १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादातही याच न्यायालयाने, घेणाऱ्यांत खेडवळ आणि निरक्षर माणसेही असतात, हे मुद्दाम लक्षात घेतले होते. आपल्या आजीने दुकानदाराला “ती गाईवाली पुडी दे” म्हणावे, ही खूण न्यायालयाच्या लेखी क्षुल्लक नाही.

नोंद नसली म्हणजे मनुष्य अगदीच निराधार होतो असे नव्हे. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्ध दावा लावता येतो, आणि आधीपासून चिन्ह वापरणाऱ्याचा हक्कही कायदा राखतो. परंतु त्यासाठी आपली ख्याती पुराव्याने सिद्ध करावी लागते. जुनी बिले, जुन्या थैल्या, जाहिरातींची कात्रणे कोण जपून ठेवतो?

अर्ज मध्यप्रदेशातला असला तरी तो मुंबईच्या कार्यालयाच्या कक्षेत येतो. ते अँटॉप हिल येथे आहे, तथापि अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. एकट्या व्यक्तीस किंवा लहान उद्योगास एका वर्गासाठी शुल्क ४,५०० रुपये. मालाचे आणि सेवांचे असे ४५ वर्ग केलेले आहेत, आणि येथे पुष्कळजण फसतात. मसाल्यासाठी मिळालेली नोंद साबणाला लागू पडत नाही. त्याच चित्राखाली साबण विकू लागलात, तर साबणाच्या वडीवर ‘टीएम’च हवा. चित्र पुढे बदलून घेतले तरी तीच अडचण, कारण नोंद जुन्या चित्राची असते. अन्नपदार्थांचा परवाना, जीएसटीचा क्रमांक किंवा उद्योगाचे प्रमाणपत्र दाखवून “आमचे नाव रजिस्टर आहे” असे सांगणारेही भेटतात. त्या नोंदी वेगळ्या; त्यांच्या बळावर ‘आर’ येत नाही.

अर्जाची तपासणी होते. कोणाच्या धर्मभावना दुखावतील असे चिन्ह नोंदता येत नाही, म्हणून पवित्र नावे व चित्रे घेताना दहादा विचार करावा. तपासणीत निभावले की चिन्ह सरकारी पत्रिकेत छापतात आणि हरकतीसाठी चार महिने ठेवतात. नोंद झाल्यावर हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, पण ‘आर’ छापण्याची मुभा मागील तारखेपासून मिळत नाही. नोंद दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण.

माझ्या मते चिन्हाहून नाजूक प्रश्न निराळाच आहे: अर्ज कोणाच्या नावे करावा? दोघे भाऊ मिळून चक्की चालवितात, दळण-भरण घरच्या बायका करतात, आणि अर्जावर नाव मात्र जो तालुक्याला जाऊन आला त्याचे! वाटणीच्या दिवशी हाच कागद पुढे येतो. भागीदारी असेल तर भागीदारीच्या नावे, गट असेल तर गटाच्या नावे, हे सर्वांनी एकत्र बसून आधी ठरवावे आणि लिहून ठेवावे.

छापखान्यात थैल्या हजारांनी निघतात, म्हणून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत थोड्याच छापून घ्याव्यात. त्यांवर चित्राच्या उजव्या खांद्याशी बारीक ‘टीएम’ असू द्यावा. त्या संपल्या की मग ठशात ‘आर’ बसवावा.