स्क्वॉश : चार भिंतींतला खेळ आणि मुंबईचे अब्दुल बारी

पांढरकवड्यात स्क्वॉश म्हटले की आठवते ते बाटलीतले सरबत. पण या नावाचा एक खेळही आहे, आणि त्याच्या इतिहासातले एक मोठे पान मुंबईत लिहिले गेले आहे.

सुरुवात इंग्लंडमधली. कर्ज फेडू न शकलेले कैदी लंडनच्या तुरुंगाच्या भिंतीवर चेंडू मारून वेळ काढत. त्यातून ‘रॅकेट्स’ हा खेळ आला. पुढे 1830 च्या सुमारास हॅरो शाळेच्या मुलांना दिसले, की चेंडू मऊ असला तर तो भिंतीवर आपटून दबतो, कमी उसळतो आणि धावपळ फार करावी लागते. दबणारा चेंडू, म्हणून स्क्वॉश. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर तो हिंदुस्थानच्या छावण्यांत आणि क्लबांत आला.

क्लब साहेबांचे, चेंडू उचलून देणारी पोरे मात्र इथली. पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचे हाशिम खान त्यांतलेच. वडील क्लबात नोकरीला होते, ते लवकर वारले. साहेब लोक उन्हाला कंटाळून गेले, की हा मुलगा रिकाम्या कोर्टात अनवाणी खेळत बसे. आपल्याच मैदानावर चोरून खेळण्यासारखे होते ते! 1944 साली मुंबईत झालेली अखिल हिंदुस्थान स्पर्धा त्यांनी जिंकली, पुढची दोन वर्षेही विजेतेपद राखले.

मुंबईतल्या स्पर्धांत त्यांच्याकडून हरणाऱ्यांत अब्दुल बारी होते, नात्याने दूरचे भाऊबंद. फाळणी झाली. हाशिम पाकिस्तानात, बारी मुंबईत. बारींनी हिंदुस्थानातच राहायचे ठरवले होते. 1950 साली याच बारींनी ब्रिटिश ओपनची अंतिम फेरी गाठली. त्या काळी जगज्जेतेपदाचा मान त्याच स्पर्धेला होता. इजिप्तच्या महमूद करीम यांनी त्यांना हरवले. बातमी पेशावरला पोहोचली. ज्याला आपण मुंबईत हरवले तो अंतिम फेरीत जातो, मग आपण का नाही? पुढच्याच वर्षी, पस्तिशी ओलांडलेले हाशिम लंडनला गेले आणि करीम यांना 9-5, 9-0, 9-0 असे हरवून आले. नंतर ही स्पर्धा त्यांनी एकूण सात वेळा जिंकली.

हाशिम यांचे नाव जगाने घेतले. ते घ्यायलाच हवे. पण त्यांना वाट दाखवणारे बारी आपल्याकडे किती घरांत ठाऊक आहेत?

खेळ महागडा वाटतो तो कोर्टामुळे : 9.75 मीटर लांब, 6.4 मीटर रुंद, चारही बाजूंनी भिंती. रबरी चेंडू मारून मारून तापला, तरच नीट उसळतो. लहान गावात असे कोर्ट कुठून येणार? म्हणून मुंबईचा महेश माणगावकर ज्या संघात होता, त्या भारतीय संघाने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला 2-1 हरवून सुवर्ण जिंकले, तेव्हाही आपल्याकडे चर्चा क्रिकेटचीच होती. त्याच ऑक्टोबरात मुंबईतल्याच बैठकीत 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्क्वॉशला पहिल्यांदा प्रवेश मिळाला.

कोर्ट नसले तरी गल्लीतली पोरे भिंतीवर चेंडू मारतातच. प्लास्टर उडते म्हणून आपण ओरडतोही.