हजेरीपटावरून लीगच्या यादीत

पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६चा. कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक त्यांनी १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध काढलं, हे इथल्या जुन्या क्रिकेटप्रेमींना तोंडपाठ असतं. पण त्यांना कसोटीचं दार कसं उघडलं, ते फारसं कोणी सांगत नाही. ऑक्टोबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. त्याच्याविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून उम्रीगरांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि डिसेंबरात ते मुंबईत कसोटी खेळत होते. त्या काळी विद्यापीठाचा संघ ही वरच्या क्रिकेटची पायरीच होती. रोहिंटन बारिया करंडकाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांकडे निवड समितीचं लक्ष असे. मोठं खेळायचं म्हणून कॉलेज सोडावं, असा विचार कोणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. मोठं खेळायची वाट कॉलेजातूनच जात होती.

ती वाट बुजली कधी, याची एक तारीख देता येत नाही. पण सोलापूर आणि आसपासच्या भागापुरतं बोलायचं, तर २०२२ ते २०२५ या चार वर्षांत चित्र फार स्पष्ट झालं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांची नावं कॉलेजच्या हजेरीपटावर असतानाच लीगच्या यादीतही दिसू लागली, आणि त्या यादीपर्यंत पोचायला विद्यापीठाच्या संघाची गरज उरली नाही.

सुरुवात शेजारच्या तुळजापूरपासून. राजवर्धन हंगरगेकर फेब्रुवारी २०२२ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. अंतिम सामना ५ फेब्रुवारीला झाला आणि आठवडाभरातच बंगळूरच्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटी रुपयांना घेतलं. वय वर्षं एकोणीस. मार्च २०२३ मध्ये पहिल्याच आयपीएल सामन्यात त्याने गुजरातचे ३ बळी घेतले, पण त्या हंगामात त्याला जेमतेम दोन सामने मिळाले. नोव्हेंबर २०२४च्या मोठ्या लिलावात लखनौने त्याला घेतलं ते ३० लाखांना. दीड कोटींवरून ३० लाख! मुलगा तोच, हात तोच. लीगचा भाव हा पगार नसतो, त्यात पुढच्या वर्षाची कसलीही हमी नसते, हे तुळजापूर-सोलापूरच्या पालकांना यापेक्षा स्वच्छ कोणी दाखवलेलं नाही.

अर्शिन कुलकर्णी तर सोलापूरचाच. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा, १३ षटकार, वर ४ बळी. त्या एका संध्याकाळमुळे त्याचं नाव देशभर गेलं. डिसेंबरात लखनौने त्याला २० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्कवर, बऱ्याच वर्षांनी रणजी सामना आला. मणिपूरविरुद्ध महाराष्ट्र. पार्कवर रणजी आली आणि सोलापूरचा पोरगा मात्र दक्षिण आफ्रिकेत एकोणीस वर्षांखालील भारताकडून खेळत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध १०८ धावा काढल्या. एप्रिलमध्ये आयपीएलच्या पहिल्या सामन्यात तो पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. या वयात असं सगळं दहा महिन्यांत अंगावर येतं. त्यात बारावीनंतरची पुस्तकं कुठे बसवायची, हा प्रश्न एकट्या अर्शिनचा नाही. त्या यादीतल्या प्रत्येक घरात तो विचारला जातो.

हाच प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षं बास्केटबॉलच्या निमित्ताने चघळला गेला आहे. तिथे कॉलेज बास्केटबॉल हा स्वतःच प्रचंड धंदा. मैदानं भरलेली, दूरचित्रवाणीचे करार मोठे, आणि खेळणाऱ्या मुलाला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. साहजिकच चांगली मुलं चार वर्षं पुरी न करता एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये नाव देत. ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे. बोली लागत नाही. संघ आळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात आणि मागच्या हंगामात तळाला राहिलेल्यांना आधी निवडायची संधी जास्त. स्पेन्सर हेवूड १९७१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कॉलेज पुरं होण्याआधी खेळायचा रस्ता त्याने मोकळा केला. १९९५ला केविन गार्नेट आणि २००३ला लेब्रॉन जेम्स तर शाळेतूनच गेले. मग २००६च्या ड्राफ्टपासून एकोणीस वर्षांची अट आली, तर मुलं कॉलेजात एकच वर्ष काढून निघू लागली. एजंटाशी करार केला की कॉलेजच्या संघाचं दार कायमचं बंद, असा तिथला जुना शिरस्ता. ज्यांची निवड झाली नाही अशी किती मुलं ना इकडची ना तिकडची राहिली.

आणि मग उलट वारं सुटलं. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायला मुभा मिळाली. २०२१ मध्ये ३५३ मुलांनी वेळेआधी ड्राफ्टसाठी नावं दिली होती. २०२५ मध्ये ती संख्या १०६ वर आली. २०२१चा आकडा करोनामुळे मिळालेल्या जादा वर्षाने थोडा फुगलेला होता, हे खरं, तरी घट डोळ्यांत भरणारी आहे. कोणीही त्या मुलांना शिक्षणाचं महत्त्व पटवून थांबवलं नाही. कॉलेजात राहणं परवडायला लागलं, म्हणून ती राहिली.

आपल्याकडे ड्राफ्ट हा प्रकार सामान्य घरातल्या खेळाडूंना कळला तो खो-खोमुळे. जुलै २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामासाठी निवड झाली. खेळाडूंचे चार गट केले होते: अ गटाला ५ लाख, ब गटाला ३ लाख, क गटाला दीड लाख आणि ड गटाला १ लाख. सहा संघांनी आळीपाळीने माणसं उचलली. ऑगस्ट-सप्टेंबरात सामने बालेवाडीला झाले आणि ओडिशाच्या संघाने तेलुगू योद्धाज संघाला एका गुणाने हरवून करंडक जिंकला.

या यादीत माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता, चेन्नई क्विक गन्स संघात. वेळापूर म्हणजे माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. सोलापूर जिल्ह्यात खो-खो अशाच गावांमधून वाढला आहे: शाळेचं पटांगण, संध्याकाळी शिट्टी वाजवणारे एखादे सर, दोन खांब आणि माती. त्या मातीत गुडघे फोडून घेतलेली पोरं लीगच्या मॅटवर आली तेव्हा त्यांचा खेळ अख्ख्या देशाने पहिल्यांदा पाहिला. पळणाऱ्याच्या अंगावर हवेत झेप घेऊन त्याला टिपायचं, ज्याला आता सगळे स्काय डाइव्ह म्हणतात, ते रामजी असं करतो की बघणारा खुर्चीतून उठतो. १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४-३६ असं हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकरच्या त्या संघात वेळापूरचा रामजी होता.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती त्यानंतरची घडामोड. महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकच्या दोन विजेत्या खेळाडूंनी आपल्या सरकारचे ५ लाख नाकारले आणि महाराष्ट्रात एवढं बक्षीस आणि नोकरी मिळते, मग आम्हाला का नाही, असं उघड विचारलं. त्यांनी रकमेबरोबर नोकरीही मागितली, यात सगळं आलं. खो-खोची लीग २०२२ला झाली, दुसरा हंगाम कटकमध्ये १३ जानेवारी २०२४ला गुजरात जायंट्सच्या विजयाने संपला, आणि पुढच्या दीड वर्षात तिसरा हंगाम काही झाला नाही. त्या लाख-दीड लाखांवर कोणी वर्षाचा हिशेब मांडला असेल, तर त्याने काय करायचं? खो-खोच्या खेळाडूला ते पक्कं ठाऊक असतं. तो ड्राफ्टमध्ये नाव देतो, पण नजर असते ती रेल्वे, विमानतळ प्राधिकरण, आयकर आणि राज्याच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणावर.

आणि तिथे वरच्या जागेसाठी पदवी लागते. सरकारात अधिकारी व्हायचं तर मेडलबरोबर पदवीचा कागदही पुढे ठेवावा लागतो. म्हणून कॉलेज अर्धवट सोडणं हे खो-खोच्या मुलाला क्रिकेटच्या मुलापेक्षा जास्त महागात पडतं. तरी सोडतात, बहुतेक वेळा सुटतं. नाव कॉलेजला असतं, मुलगा कॅम्पला असतो. हजेरी भरत नाही, परीक्षा ट्रायलच्या तारखेवर येते, विषय मागे राहतात, गॅप पडते आणि मग परत वर्गात जायची लाज वाटते. त्याला कोणी घालवलेलं नसतं आणि कोणी थांबवलेलंही नसतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे, तीही बघता बघता निघून जाते.

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ पासून आहे, आता अहिल्यादेवींच्या नावाचं. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ, त्यामुळे आपला कोणता मुलगा कुठल्या संघात निवडला गेला हे त्याला चार फोनवर कळू शकतं. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षण मधे थांबवून श्रेयांक जमा ठेवायची आणि नंतर परत यायची सोय आहे. ती सोय लीगच्या खेळाडूइतकी उपयोगाची आणखी कोणाला आहे? निवड झालेल्या प्रत्येक मुलाला त्याच दिवशी लेखी सांगावं: तुझे श्रेयांक इथे जमा आहेत, परीक्षा तुझ्या हंगामानंतर घेऊ, अमुक प्राध्यापक तुझ्या संपर्कात राहतील. अमेरिकी कॉलेजांएवढे पैसे आपल्या विद्यापीठाकडे नाहीत, पण एवढं करायला पैसे लागतच नाहीत. मुलाने जाऊ नये, असं मला अजिबात वाटत नाही. पायात वेग असतो तो विशीतच. जावं, आणि परत यायला जागा असावी.

परत यायची, उशिरा पोचायचीही वाट असू शकते, हे याच माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेने दाखवलं. आधी भाला आणि गोळा फेकणारी ही मुलगी नंतर क्रिकेटकडे वळली. एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून अरुणाचलविरुद्ध एका टी-ट्वेन्टी डावात तिने १६२ धावा कुटल्या आणि त्याच सप्टेंबरात ती भारताकडून खेळली. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात यूपी वॉरियर्सने तिला ३० लाखांना घेतलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध नागपूरला तिने ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिला टी-ट्वेन्टीत इतकं वेगवान शतक तोवर जगात कोणाचंच नव्हतं.

खो-खोतल्या मुलींना मात्र ड्राफ्टच नाही. धाराशिवच्या सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघाच्या कर्णधार. घरात एका वेळच्या जेवणावर दिवस काढून त्या खेळल्या; त्यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून त्या रुजू झाल्या. हे सगळं लीगशिवाय झालं. १९ जानेवारी २०२५ला त्याच दिल्लीत महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. पण अल्टिमेट खो-खोच्या दोन्ही हंगामांत मुलींचा एकही संघ नव्हता. तिसरा हंगाम ठरवताना आयोजकांनी ५ लाखांच्या गटात पहिली नावं याच मुलींची घालावीत.