दोन पावसांचा पूर

मुलाच्या परसात मी सरळ कडांचा एक स्टीलचा डबा ठेवला, तेव्हा सून हसली. "बाबा, पाऊस किती पडला ते फोनवर दिसतं की." मी म्हटलं, "फोनवर विमानतळावरचा पाऊस दिसतो. आपल्या उतारावरचा डबाच सांगेल." पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त कोयनेच्या खोऱ्यात पाऊस आणि नदीची पातळी मोजण्यात. निवृत्त झालो तरी सकाळी साडेआठ वाजले की हात फूटपट्टी शोधतो.

ही गोष्ट सप्टेंबर २०२४ची, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अ‍ॅशव्हिल गावची. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. गाव अ‍ॅपलेशियन डोंगरांत, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर. मेक्सिकोचं आखात इथून दक्षिणेला सुमारे सहाशे किलोमीटर, अटलांटिक पूर्वेला चारशे. किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांना कंटाळून लोक इथे घरं घ्यायला येत. हवामानबदलाची झळ न लागणारं गाव अशी त्याची ख्यातीच झाली होती. गंमत म्हणजे अमेरिकेच्या हवामान नोंदींचं राष्ट्रीय भांडारही याच गावात आहे. पुढे या पुरात त्याचीच यंत्रणा बंद पडली.

बुधवारी, २५ सप्टेंबरला, पाऊस सुरू झाला. तेव्हा 'हेलेन' चक्रीवादळ अजून दूर समुद्रावरच होतं. गुरुवारी सकाळी डब्यात १०५ मिलिमीटर भरले. आकडा वहीत लिहिला, डबा रिकामा केला. गुरुवारी रात्री दहाला पुन्हा पाहिलं, तर आणखी १३० मिलिमीटर. पाय ठेवला की परसातलं गवत पचपचत होतं आणि बुटाच्या ठशात लगेच पाणी उभं राहत होतं. मी मुलाला म्हटलं, "जमीन भरली. आता जे पडेल ते सगळं ओढ्यात."

त्यानंतर तासाभराने, रात्री ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, हेलेन फ्लोरिडात पेरी गावाजवळ जमिनीला टेकलं. ताशी २२५ किलोमीटरचे वारे, चौथ्या श्रेणीचं वादळ. टीव्हीवर सगळे किनारा दाखवत होते. मी डब्याकडे बघत होतो. वादळ अजून सहाशे किलोमीटर दूर होतं आणि आमच्या परसात २३५ मिलिमीटर आधीच पडून गेले होते.

वादळाआधीचा हा पाऊस आला कुठून? त्या दोन दिवसांत थंड आणि उष्ण हवेची एक सीमारेषा या डोंगरांवर अडून बसली होती. वादळाने आखातातून ओढलेली वाफ त्याच्या कितीतरी पुढे धावली आणि त्या रेषेवर आदळून बरसत राहिली. हवामानशास्त्रज्ञ याला वादळाचा पूर्वगामी पाऊस म्हणतात. मागून शुक्रवारी पहाटे खुद्द वादळ आलं. जमिनीवर आल्यावर त्याच्या वाऱ्याचा जोर उतरला होता, पण पोटातलं पाणी तेवढंच होतं.

पुढचं काम डोंगराने केलं. ते आपल्या घाटमाथ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि कोकणाच्या कड्यावर रिती होते. इथे ब्लू रिज नावाची कड आहे. तिच्या पायथ्याचा सपाट प्रदेश संपतो आणि डोंगर एकदम शेकडो मीटर उभा राहतो. हेलेनचे वारे आग्नेयेकडून नेमके त्या कडेवर आले. अ‍ॅशव्हिलच्या विमानतळावर तीन दिवसांत सुमारे ३५५ मिलिमीटर पाऊस पडला. डोंगरातल्या बुसिक या ठिकाणी मात्र ७८० मिलिमीटर. माझा डबा खरं बोलत होता, पण तो होता खालच्या उतारावरचा.

आता थोडं खात्यातलं गणित. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. अ‍ॅशव्हिलच्या पूर्वेकडून स्वॅननोआ नावाची लहानशी नदी येते. गावाजवळ तिचं पाणलोट क्षेत्र साधारण ३३५ चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे ३०० मिलिमीटरच पडले असं धरलं, तरी दहा कोटी घनमीटर पाणी होतं, म्हणजे साडेतीन टीएमसी. पुण्याच्या खडकवासला धरणात दोन टीएमसीही मावत नाही. पावणेदोन खडकवासले एका अरुंद दरीत, आणि खालची जमीन आधीच तुडुंब.

मैदानातली नदी माणसाला वेळ देते. सांगलीकरांना विचारा: कोयनेतून विसर्ग वाढला की आयर्विन पुलाखाली पातळी फुटाफुटाने चढते, लोक सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात. डोंगरातल्या ओढ्याला तेवढी सवड नसते. उतार तीव्र, दरी चिंचोळी, पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते उंचीत वाढतं. वर पडलेला पाऊस तासाभरात खाली दारात येतो. इंग्रजी बातम्यांत याला फ्लॅश फ्लड म्हणतात, आमच्याकडचे लोक लोंढा म्हणतात. आणि लोंढा निव्वळ पाण्याचा नसतो. झाडं, दगड, गाड्या, गॅसच्या टाक्या, माती हे सगळं त्याच्याबरोबर येतं.

शुक्रवारी सकाळी तेच पाहिलं. आमचं घर उतारावर उंच, म्हणून वाचलं. खालच्या वळणावर ओढ्यावरून रस्ता जातो, तिथे दोन नळांची मोरी आहे. वरून एक उन्मळलेलं ओक आलं आणि आडवं बसलं. त्यामागे फांद्या, कुंपणाची तार, कुणाचं तरी अंगणातलं बाक. मोरी तुंबली. पाणी मागे फुगलं, रस्त्यावरून वाहू लागलं आणि दहा-बारा मिनिटांत रस्त्याचा भराव खालून खाऊन टाकला. शेजारचे निवृत्त मास्तर गाडी काढायला निघाले होते. मी हात धरून थांबवलं. साध्या डोळ्यांना ते पाणी गुडघ्याइतकंच दिसत होतं. पण वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी माणसाचे पाय सुटू शकतात आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. अर्ध्या तासाने तिथे रस्ताच नव्हता.

स्वॅननोआ नदी बिल्टमोरजवळ २६ फुटांच्या वर गेली. तिचा आधीचा उच्चांक २०.७ फुटांचा, १९१६ सालचा. ती जिला मिळते त्या फ्रेंच ब्रॉड नदीची पातळी अ‍ॅशव्हिलला २४.६७ फुटांवर पोचली. १९१६मध्ये ती २३.१ होती. नदीकाठची कलावंतांची वस्ती छतापर्यंत बुडाली. शेजारच्या खोऱ्यात चिमनी रॉक गावाचा बाजार नदीने उचलला आणि खालच्या लेक ल्यूर तलावात नेऊन टाकला. पिजन नदीच्या दरीतून जाणाऱ्या ४० क्रमांकाच्या महामार्गाच्या मार्गिका नदीत कोसळल्या. डोंगरांत दोन हजारांहून अधिक दरडी मोजल्या गेल्या. एका खोऱ्यात तर एकाच कुटुंबाची अकरा माणसं दरडीखाली गेली. हेलेनने अमेरिकेत अडीचशेच्या आसपास बळी घेतले, त्यात शंभरहून अधिक एकट्या नॉर्थ कॅरोलायनात.

वीज नाही, फोन नाही अशा त्या दिवसांत मास्तरांशी मैत्री झाली. त्यांनी १९१६च्या पुराची हकिकत सांगितली आणि मी वही काढली. त्या जुलैत आखाताकडून एक वादळ येऊन डोंगर भिजवून गेलं. आठवडाभरात अटलांटिककडून दुसरं आलं आणि आल्टापास इथे २४ तासांत ५६४ मिलिमीटर पाऊस पडला. अमेरिकेत तोवर एका दिवसात एवढा पाऊस नोंदला गेला नव्हता. मग २००४चा सप्टेंबर: आधी 'फ्रान्सिस', आठ-नऊ दिवसांनी 'आयव्हन'. आयव्हनच्या पावसात पीक्स क्रीकवर चिखल-दगडांचा लोंढा उतरला आणि माणसं गेली. आणि आता २०२४: आधी दोन दिवसांचा बिनवादळाचा पाऊस, मग हेलेन. तिन्ही वेळा पाऊस दोन होते. पहिल्याने जमीन भरली, दुसऱ्याने माणसं मारली. बातमीत नाव मात्र दुसऱ्याचंच लागतं.

हवामान खात्याने इशारा दिला नव्हता असं कुणी म्हणू नये. तिथल्या खात्याने गुरुवारीच अतिशय कडक शब्दांत सांगितलं होतं की, या भागाने आधुनिक काळात पाहिलेल्या सर्वांत मोठ्या हवामान-घटनांपैकी ही एक ठरेल. ते मुलाने वाचलं होतं, सुनेनेही वाचलं होतं. पण बाहेर नेहमीसारखा पाऊस पडत होता आणि वादळ फ्लोरिडाच्याही पलीकडे होतं. कड्यावर राहणाऱ्याला पूर हा खालच्यांचा प्रश्न वाटतो. घर घेताना विम्याच्या माणसाने मुलाला सांगितलं होतं, तुमचं घर पूररेषेत येत नाही, पुराचा विमा कशाला? नकाशाप्रमाणे ते बरोबरही होतं, कारण असे नकाशे मुख्यतः नद्यांच्या काठांचे असतात, मागच्या ओढ्याची तिथे नोंदच नसते. सर्वाधिक फटका बसलेल्या या डोंगरी भागात शंभरात एका घराकडेही सरकारी पूरविमा नव्हता.

सर्वांत मोठा धडा मात्र नळाने दिला. गावाचा मुख्य तलाव, नॉर्थ फोर्क, डोंगरात आहे. त्याच्या धरणाचं काम काही वर्षांपूर्वीच नव्याने झालं होतं. जादा सांडवा ठरल्याप्रमाणे उघडला आणि धरण टिकलं. पण तलावाखालच्या जलवाहिन्या वाहून गेल्या. २००४च्या पुरानंतर खबरदारी म्हणून पंचवीस फूट खोल पुरलेली पर्यायी वाहिनीसुद्धा. वाहिन्या जोडल्या तरी तलावातला गाळ इतका बारीक होता की खाली बसेना. शेवटी तुरटीच्या कुळातलं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट तलावात सोडावं लागलं. माझी आजी पावसाळ्यात माठात तुरटी फिरवायची, तेच काम इथे आख्ख्या तलावावर. नळाचं पाणी पिण्याजोगं झालं १८ नोव्हेंबरला, पुरानंतर ५३व्या दिवशी. नळ कोरडे होते तोवर लोक ओढ्याचं पाणी आणून संडासात ओतत. सुनेच्या घरात एकही बादली नव्हती. मी कचऱ्याचा नवा डबा आणि स्वयंपाकघरातला मोजमापाचा मग घेऊन अर्ध्या बादलीत अंघोळ कशी करायची याचं प्रात्यक्षिक दिलं. नातीने ते शाळा उघडल्यावर वर्गात सांगितलं म्हणे.

डोंगरातला पूर डोंगरात राहत नाही, हेही तेव्हाच कळलं. जवळच मॅरियन इथे बॅक्स्टर कंपनीचा सलाईन तयार करणारा कारखाना आहे. अमेरिकेला लागणारं साठ टक्के सलाईन तिथून येत होतं. तो चिखलात गेला आणि दूरदूरच्या राज्यांतल्या इस्पितळांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. स्प्रूस पाइनच्या खाणींतून निघणारा अतिशुद्ध क्वार्ट्झ संगणक चिपांच्या कारखान्यांना लागतो. त्या खाणीही बंद पडल्या. आणि संशोधकांनी हिशेब मांडून सांगितलं की माणसाने तापवलेल्या हवेमुळे हेलेनचा पाऊस सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता. तुडुंब दरीत दहा टक्के म्हणजे काय, ते मोरीवर उभं राहिलेल्याला विचारा.

मी परत आलो ते तळीये आठवत. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या २४ तासांत जवळच्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथे चक्रीवादळ नव्हतं, आपला मान्सूनच होता, पण डोंगराचं गणित तेच. आधी मुरलेलं पाणी मोजल्याशिवाय उद्याच्या पावसाचा धोका कळत नाही.

म्हणून घाटमाथ्यावर, डोंगरउतारावर, ओढ्याकाठी राहणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. परसात सरळ कडांचा एक डबा ठेवा, झाडाखाली आणि पागोळीखाली नको. रोज त्याच वेळी मोजा, भिंतीवर लिहा. दोन-तीन दिवसांची बेरीज मोठी झाली असेल आणि वर मुसळधार पावसाचा इशारा आला, तर रात्र पडायच्या आत हला. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा भर पावसात एकाएकी घटलं, झाडं कलू लागली, डोंगरातून घरघर ऐकू आली, तर सामान आवरत बसू नका. ओढ्यापासून लांब, बाजूच्या उंच जागी जा, आणि पाणी वाहत असलेल्या मोरीवरून गाडी घालू नका.

डबा दीडशे रुपयांत मिळतो.