कुंभारीण

हायमेनॉप्टेरा गणाच्या स्फेसिडी कुलातील एकाकी गांधीलमाशी. भारतात सामान्यपणे आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपॅटॅनम असून तिचे वर्णन फाब्रिसिउस यांनी १७८१ मध्ये केले. रंग काळा, त्यावर पिवळ्या खुणा. वक्ष व उदर यांना जोडणारा देठ लांब व बारीक असतो.

घरटे मादी एकटीच बांधते. ओल्या जागेतून चिखलाची गोळी जबड्यांत धरून ती भिंतीवर, चौकटीवर, क्वचित घरातील सामानावरही कोठडी रचते. चिखल थापताना तिची गुणगुण ऐकू येते. या कंपनांनी चिखल सहज पसरतो. कोठडीत ती कोळी भरते. दंशाने ते लुळे पडतात, पण बहुधा लगेच मरत नाहीत, त्यामुळे अळीला ताजे अन्न मिळते. एका कोळ्यावर अंडे घालून ती कोठडीचे तोंड चिखलाने बंद करते. अळी कोळी खाऊन कोश विणते. प्रौढ माशी चिखल कुरतडून बाहेर येते.

कोंडलेला कीटक भृंगीच्या गुणगुणीने व ध्यासाने तिचेच रूप घेतो, ही कीटभृंगन्यायातील कल्पना अशाच घरट्यांशी निगडित आहे. वस्तुतः कोंडलेला जीव केवळ भक्ष्य असतो. माशी होते ती अंड्यातून. कधीकधी तर बंद कोठडीतून क्रिसिडिडी कुलातील चकाकती हिरवी परजीवी माशीच बाहेर पडते.